मागच्या डाल्यातला बोर्ड

आमच्या पिकअपमध्ये एक प्लग आधीपासून होता. घरात भिंतीवर असतो तसाच, पांढरा, तीन भोकांचा, शेजारी काळं बटण. ड्रायव्हरच्या सीटखाली इन्व्हर्टर आणि सीटच्या बाजूला लाकडी पट्टीवर हा बोर्ड, असं सगळं माझ्या नवऱ्याने स्वतः बसवलं होतं. गाडीच्या बॅटरीचा करंट इन्व्हर्टरमधून गेला की घरच्या लाइनीसारखा होतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. शेतात फवारणीच्या पंपाची बॅटरी उतरली की घरी परत यावं लागायचं, ते टाळायला त्यांनी तो बोर्ड लावला. नंतर त्यावर मोबाइल चार्ज व्हायला लागला. हैदराबाद रोडला मोठी फेरी असली की ते छोटा टेबलफॅनही लावायचे. गाडी पांढरकवड्याच्या आसपास भाजीपाला, कापूस, कधी कुणाचं घरसामान अशी काहीही वाहायची. आमचा तांडा हायवेपासून आत आहे. गाडी वळली की तिच्या आवाजावरूनच ते आल्याचं मला कळायचं.

दुसरा बोर्ड लावायची वेळ आली ती त्यांच्या फुप्फुसांमुळे.

आधी नुसता कोरडा खोकला होता. मग तांड्याचा चढ चढताना ते मधेच थांबायला लागले आणि थांबलो हे कळू नये म्हणून खिशात काहीतरी शोधायला लागले. यवतमाळच्या डॉक्टरांनी आम्हाला काळे फोटो उजेडात धरून दाखवले. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, म्हणाले. औषधाने वेग कमी होईल, पण झालेलं परत फिरणार नाही. ते हे सांगत होते तेव्हा मी छताच्या पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता आणि त्याचं एक पातं बाकीच्यांपेक्षा काळं पडलं होतं. मला काही वाटलं नाही. आत्ता वाटत नाहीये, घरी गेल्यावर वाटेल, असं मी धरून चालले. बाहेर येऊन गोळ्या घेतल्या. समोरच्या हातगाडीवर दोघांनी पोहे खाल्ले. पोहे चांगले होते. घरी गेल्यावरही काही वाटलं नाही.

पुढे ऑक्सिजनचं मशीन आलं. हे सिलिंडर नव्हे. हवा ओढून तिच्यातूनच ऑक्सिजन वेगळा काढणारं, लहान कपाटाएवढं, चाकांचं मशीन. त्याला सतत करंट लागतो. दिवसभर ते खोलीत घरघरायचं आणि त्याची पारदर्शक नळी ह्यांच्या नाकापर्यंत जायची. तांड्यातली लाइन जायला काही कारण लागत नाही. लाइन गेली की मी गाडी घराच्या खिडकीशी आणायची, तोंड खिडकीकडे आणि धूर पलीकडे जाईल अशी. चालू ठेवायची आणि बोर्डातून वायर आत घ्यायची. गाडी चालवायला मी त्याच वर्षी शिकले. ते शेजारी बसून शिकवायचे. श्वास पुरत नसल्यामुळे ओरडायचे नाहीत, नुसता हात वर करायचे. हात वर म्हणजे ब्रेक. तांड्यातल्या बायांना सुरुवातीला गंमत वाटली, मग त्या माझ्यासोबत पांढरकवड्याला बाजाराला यायला लागल्या.

घरात आम्ही गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलायचो. इथे मी आमचं बोलणं आमच्या भागातल्या मराठीत लिहिते आहे. गाडीच्या कामाचं आम्ही बरंचसं मराठीतच बोलायचो, कारण ती भाषा त्यांनी रोडवर आणि गॅरेजांमध्ये शिकली होती.

दर महिन्याला तपासणीसाठी यवतमाळला जावं लागायचं. सुरुवातीला ते केबिनमध्ये माझ्या बाजूला बसायचे आणि मशीन पायाशी. दिवाळीच्या सुमारास त्यांना इतका वेळ बसवेना. मग मागच्या डाल्यात गादी टाकली. माल वाहायची ती उघडी जागा, पण तिच्यावर लोखंडी कमानी आणि ताडपत्री होती, त्यामुळे वारा लागत नसे. मशीन त्यांच्या उशाशी दोरीने बांधलं आणि केबिनमधल्या बोर्डातून वायर मागच्या काचेच्या फटीतून डाल्यात घेतली. जाताना काही झालं नाही.

परत येताना पांढरकवड्याच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. गाडी एका खड्ड्यात बसली, उठली, पुढे गेली. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. पाहिलं तर त्यांचाच नंबर. माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर जो माणूस झोपला होता त्याचा फोन. मी उचलला. त्यातून शब्द आला नाही, फक्त श्वासाचा आवाज येत होता, विहिरीतून बादली ओढताना दोर घासतो तसा. मी गाडी बाजूला घेतली. वायर काचेच्या फटीत अडकून ताणली होती आणि प्लग बोर्डातून बाहेर आला होता. प्लग आत दाबला, जोडीला ठेवलेला छोटा सिलिंडर उचलला आणि मागे गेले. त्यांचे ओठ जांभळे झाले होते. सिलिंडरची नळी लावली. मशीन पुन्हा घरघरायला लागलं. हळूहळू त्यांचा रंग परत आला.

त्यांनी डोळे उघडले, आधी वायरीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"मागं एक बोर्ड पाह्यजे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हाव."

एवढंच बोलणं झालं. मी पुन्हा गाडीत बसून इंडिकेटर दिला आणि मागचा ट्रक जाऊ दिला, सगळं नीट. घरी आल्यावर भाकरी केल्या. पुसदला शिकणाऱ्या मुलीचा फोन आला. तिने विचारलं, "याडी, डॉक्टर काय बोलले?" मी सांगितलं, गोळी बदलली. रस्त्याचं सांगितलं नाही. लपवायचं असं काही ठरवलं नव्हतं, सांगण्यासारखं काही झालं आहे असं मला वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, पांढरकवड्याच्या इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेते, तासाभराचं काम असेल. त्यांनी मान हलवली.

"माह्या गाडीले दुसऱ्याचा हात नाई लागला आजवर."

"मंग कोण करन? तुमाले वाकता येते का?"

"तू करशीन. मी सांगतो."

मी शिलाई मशीनची मोटार उघडून साफ केली होती, इस्त्रीची वायर बदलली होती. पण गाडीच्या खाली कधी शिरले नव्हते. तरी मी नाही म्हटलं नाही. त्या दिवसांत मी कशालाच नाही म्हणत नव्हते. जे समोर यायचं ते करायचे.

सामान आणायला पांढरकवड्याला गेले. दुकानदाराने बोर्ड काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "कोणत्या खोलीत लावाचा हाय, ताई? किचनमधे असन तं जरा मोठा घ्या."

"गाडीत लावाचा हाय."

"कोणत्या गाडीत?"

मी बाहेर उभ्या पिकअपकडे बोट केलं. त्याने चष्म्यावरून गाडी पाहिली, मला पाहिलं आणि जाड केबल काढून दिली. "बारकी नोका घेऊ मंग. हादऱ्याने तुटते." मग झाकणाचा बोर्ड दिला, पावसाचं पाणी शिरू नये म्हणून. फ्यूज दिला, भोकात बसवायच्या रबरी चकत्या दिल्या, केबलवर चढवायचा लवचिक पाइप दिला. दोन प्लग बसतील असा बोर्ड मीच मागितला. ह्यांनी तसं सांगितलं होतं. एकावर मशीन, आणि उन्हाळा आला की दुसऱ्यावर पंखा. उन्हाळ्याचं नाव त्यांनी घेतलं तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

काम आम्ही अंगणात कडुनिंबाखाली केलं. दुपार होती आणि लाइन होती. बाज बाहेर आणून मी त्यांना उशांना टेकवून बसवलं. शेजारी मशीन, त्याची वायर घरातून. गाडी अशी उभी केली की त्यांना उघड्या दारातून सीटखालचं सगळं दिसेल.

"आधी बॅटरीची काळी वायर काढ," ते म्हणाले. दोन शब्द, मग श्वास, मग पुढचे दोन शब्द, असं ते बोलायचे. "सगळ्यात आधी तेच. मंग हात लाव."

काळी वायर काढली. जुन्या बोर्डाचे स्क्रू काढले. आत तीन वायरी होत्या, लाल, काळी आणि हिरवी, आणि वर्षानुवर्षांची धूळ, कापसाचा एक तंतूही.

"बटनाले कोणती गेली?"

"लाल."

"तिथूनच नवी लाल काढ. काळीपाशी काळी, हिरवीपाशी हिरवी. काही डोकं नाई लावाचं त्यात."

खरंच डोकं लावायचं नव्हतं आणि ते मला बरं वाटत होतं. वायरीचं टोक सोलायचं, तांब्याच्या तारा बोटांनी पिळायच्या, स्क्रूखाली घालायच्या, आवळायच्या. फ्यूज कुठे बसवायचा ते त्यांनी हवेत बोटाने दाखवलं. केबिनच्या तळाला भोक पाडायचं होतं. ड्रिल मशीन शेजारच्यांकडून आणलं होतं. ते मी दाबून धरलं तेव्हा माझा खांदा हलायला लागला आणि लोखंडाचा बारीक कीस माझ्या पायांवर पडला. भोक पडल्यावर ते म्हणाले, "रबर घाल. नाई तं पत्रा वायर कापते." मी रबर घातलं. मग डाल्याच्या पुढच्या पत्र्याला दुसरं भोक.

केबल पाइपात घालून गाडीच्या खालून मागे न्यायची होती. सायलेन्सरपासून लांबून, चेसिसच्या कडेने, हातभर अंतरावर एकेक क्लिप मारत. त्यासाठी मी पोतं अंथरून गाडीखाली पाठीवर आडवी झाले. वर ग्रीस आणि वाळलेला चिखल. तिथून मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. बाजेवरून खाली सोडलेले, सुजलेले, चपलेचा पट्टा मांसात रुतलेला.

मी क्लिप मारत होते. वरून त्यांचा आवाज आला.

"तू रडत काहून नाईस?"

"आता?"

"आता नाई. कधीच नाई रडली तू. दवाखान्यातबी नाई. त्या दिवशी रस्त्यावरबी नाई."

मी हातोडी खाली ठेवली. खरं काय ते मला शोधावं लागलं नाही.

"येतच नाई मले," मी म्हटलं.

बाजेची दोरी करकरली, म्हणजे ते हलले असतील.

"मलेबी नाई येत," ते म्हणाले. "मले वाटलं मले एकट्यालेच असं झालं. म्हटलं बिमारीनं मनबी सुकलं का काय."

"नाई. मले बी तसंच हाय."

"बरं."

मी हातोडी परत उचलली आणि क्लिप ठोकली.

"क्लिप बसली का घट्ट?"

"बसली."

"हलवून पाह्य."

मी हलवून पाहिली आणि पुढची मारायला घेतली. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पण त्या दिवसानंतर घरात मला त्यांच्यासमोर चेहरा धरून बसावं लागलं नाही. त्यांनाही नसेल लागलं.

बोर्ड बसवून झाला तेव्हा ऊन कललं होतं. काळी वायर परत बॅटरीला जोडली, गाडी चालू केली, इन्व्हर्टर चालू केला. तपासायला मशीन लावायचं नाही, आधी बल्ब लावायचा, असा त्यांचा हुकूम होता. बल्बचा होल्डर नव्या बोर्डात घातला आणि बटण दाबलं. सीटखाली 'फट्' असा बारीक आवाज झाला. बल्ब लागला नाही.

"फ्यूज गेला," ते म्हणाले. त्यांना आनंदच झाल्यासारखा दिसला. "म्हंजे फ्यूज बरोबर लावला. आता बंद कर सगळं अन् मागचा बोर्ड उघड. एखादी तार बाहेर राह्यली असन."

उघडून पाहिलं. लाल वायरीतली केसाएवढी एक तार पिळ्यातून सुटून काळीच्या स्क्रूला टेकली होती. मी ती पुन्हा पिळली, सगळे स्क्रू पुन्हा तपासले, नवा फ्यूज घातला. या वेळी आवाज आला नाही. उन्हात बल्ब पेटलेला कळेना, म्हणून मी त्याच्याभोवती दोन्ही हात धरले आणि आत पिवळा उजेड दिसला. मग ते म्हणाले, मशीन लाव. तेवढ्यापुरती ह्यांना सिलिंडरची नळी लावली आणि मशीन मागे चढवायला शेजारचे दोघे आले. नव्या बोर्डावर ते पहिल्याच दमात चालू झालं. ह्यांनी एक हात वर केला. म्हणजे थांब, झालं.

त्यानंतर एक गोष्ट अशी झाली जी मी धरलीच नव्हती. ते बाहेर जायचं म्हणायला लागले. इतके महिने खोली आणि दवाखाना एवढंच होतं. आता गाडी चालू असेपर्यंत मागे पडून राहता येतं म्हटल्यावर त्यांना शेताचा बांध पाहायचा होता, हायवेवर कोणतं हॉटेल बंद पडलं ते पाहायचं होतं. मी न्यायचे. कापूस वेचून झाला तेव्हा म्हणाले, "जिनिंगवर मीबी येतो."

"तिथं दिवसभर लाइन राह्यते गाड्यांची."

"म्हून तं येतो."

मग डाल्यात गादी असल्यामुळे आमचा कापूस मी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर पाठवला आणि आम्ही दोघं पिकअपने ट्रॅक्टरच्या मागे गेलो. जिनिंगच्या, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर नेहमीसारखी रांग होती. ट्रॅक्टर, पिकअप, बैलगाडीही एखादी. सगळीकडे कापसाचे पांढरे पुंजके उडून झाडांना चिकटलेले. आमची गाडी ओळखून त्यांचे जुने सोबती एकेक करून येऊ लागले. रोडवरचे लोक, कोणी मारेगावकडचा, कोणी इथलाच. एकाने ताडपत्री वर केली आणि आत मशीन, गादी, उशा, पाण्याची बाटली, बोर्ड हे सगळं पाहून तो म्हणाला, "अबे, तू तं घरच घेऊन आला!"

"घर नाई. लाइन घेऊन आलो," हे म्हणाले. "ज्याले मोबाइल लावाचा हाय, लावा. चपला बाहेर काढा पण."

पंख्यासाठी ठेवलेला दुसरा प्लग रिकामाच होता. तिथे आधी एक मोबाइल लागला. मग कोणीतरी एक्स्टेन्शन बोर्ड आणला आणि बरेच मोबाइल लागले. माणसं डाल्यात मांडी घालून बसली. सकाळपासून रांगेत असलेला एक जण आपल्या पिशवीतून दाढीचं ट्रिमर काढून तिथेच गाल तासायला लागला. ह्यांनी त्याच्याकडे पाहून आपल्या हनुवटीवर हात फिरवला. त्यांची दाढी बरीच वाढली होती. नळीमुळे मला ती नीट करता येत नसे.

"करून देऊ का, दादा?" त्याने विचारलं.

"कर. पण वायर नोको काढू माही. नाकातली."

सगळे हसले. तेही हसले, मग खोकले, बराच वेळ खोकले, आणि सगळे थांबून राहिले. मग त्या माणसाने एका हाताने नळी अलगद बाजूला धरून दुसऱ्या हाताने त्यांची दाढी केली. मधेच रांग पुढे सरकली आणि कोणीतरी केबिनवर थाप मारून ओरडलं, "घ्या वहिनी पुढं!" मी गाडी पुढे घेतली, सगळ्या माणसांसकट, मोबाइलांसकट, अर्ध्या दाढीसकट.

केबिनमधल्या आरशात मला ते दिसत होते. कोणीतरी मला चहा आणून दिला. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो कसा झाला असता हेही मला माहीत होतं. पण दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो बघावेत तसं मी ते बघत होते. चहा गोड होता. मी तो संपवला आणि ग्लास परत केला.

होळीच्या आधी, सकाळी, चहा पिऊन झाल्यावर ते गेले. उशीला टेकून बसले होते. मी दारात तांदूळ निवडत होते. काहीतरी बदललं असं वाटून मी मान वर केली आणि मला कळलं. लाइन होती त्या दिवशी. मशीन चालूच होतं, नळीतून हवा येतच होती. जवळ जाऊन मी त्यांच्या छातीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग मशीनचं बटण बंद केलं. ते बंद झाल्यावर बाहेरच्या कोंबड्या ऐकू आल्या, हातपंपाचा आवाज ऐकू आला. इतके महिने हे आवाज त्या खोलीत येत नव्हते. मी मुलीला फोन केला.

बाया जमल्या. आमच्यात बाया एकमेकींच्या गळ्यात पडून, सूर लावून रडतात. त्या एकेक करून माझ्या गळ्यात पडल्या आणि रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. एकीने दुसरीला म्हटलं, मला ऐकू जाईल असंच, "हिले रडवा. नाई रडली तं जड जाईन हिले." मग त्या मला ह्यांच्या आठवणी सांगायला लागल्या, लग्नातल्या, पहिल्या गाडीच्या, मुलीच्या जन्माच्या. एकीने माझे दोन्ही खांदे धरून मला हलवलं. मी नुसती हलले. तेवढ्यात मुलगी पुसदहून पोचली. ती दारातून सरळ माझ्याकडे आली, बायांचे हात माझ्या खांद्यांवरून काढले आणि म्हणाली, "राहू द्या तिले." मग ती स्वतः रडली, बापाच्या पायांशी बसून, मोठ्याने. मला तिचा हेवा वाटला. त्या दिवसातलं मला आठवणारं तेवढं एकच वाटणं.

पुढचे विधी झाले. मुलगी परत गेली. दीर म्हणाले, गाडी विकून टाक, बाईमाणसाने कशाला रोडवर. मी म्हटलं पाहू. पण दुसऱ्याच आठवड्यात एकाला कडबा न्यायचा होता आणि गाडी मिळत नव्हती, म्हणून मी गेले. मग कांदे नेले. मग मंडपवाल्याच्या खुर्च्या. मंडपवाल्याने मागचा बोर्ड पाहिला आणि त्यावर माइक लावून एका वरातीला माझी गाडी पुढे लावली. मी नवरीकडच्यांसमोर पहिल्या गिअरमध्ये तांडाभर गाडी चालवत होते आणि मागे जो तो नाचत होता. कोणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही, मलाही नाही. मुलगी फोनवर विचारायची, "याडी, ठीक हाय ना?" मी म्हणायचे, हाय. मग ती जेवणाचं विचारायची.

मशीन घरात कोपऱ्यात चादरीखाली उभं होतं.

पाऊस सुरू व्हायच्या आत एक माणूस आला. जंगलाकडच्या कोलामांच्या पोडावरचा; पोड म्हणजे आमच्या तांड्यासारखीच त्यांची छोटी वस्ती. जिनिंगवर रांगेत असलेल्या कोणाकडून तरी त्याला मशीनचं कळलं होतं. त्याच्या आईला दवाखान्यातून घरी पाठवलं होतं आणि ऑक्सिजन लावायला सांगितलं होतं. तो अंगणातच उभा राहून बोलत होता, आत येत नव्हता. "वापरून झालं की आणून देतो," तो म्हणाला आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन खाली पाहू लागला.

"परत आणाची घाई नाई," मी म्हटलं. "चाला, मीच आणून देते. तुमाले बसनं नाई नेता येणार हे."

त्याच्याकडे घरात सोलरची बॅटरी होती आणि पोडावरची लाइन आमच्यापेक्षा बरी होती. मशीन उतरवलं. त्याच्या बायकोला मी दाखवलं, बाटलीत पाणी इथपर्यंत, रोज बदलायचं, उकळून थंड केलेलं. मागची जाळी आठवड्याला धुवायची. नळीला पीळ पडू द्यायचा नाही. म्हातारी भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. नळी तिच्या नाकाला लावली तेव्हा तिने डोळे मिटले आणि थोड्या वेळाने उघडले. मग तिने मला विचारलं, "हे कोनाचं होतं?"

"माह्या घरच्यांचं."

"बरे हाये का ते आता?"

"नाई. गेले ते."

म्हातारीने मान हलवली. तिने माझा हात धरला नाही. तिच्या सुनेने मला जेवायला थांबवलं. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. मी पोटभर जेवले. मग ती म्हणाली, ताई, ऊन हाय, पडा थोडं. ओसरीत बाज होती. मी नुसतं टेकावं म्हणून टेकले.

जाग आली तेव्हा सावल्या अंगणाच्या पलीकडे गेल्या होत्या. माझ्या अंगावर कोणीतरी लुगडं टाकलं होतं. तोंड उघडं राहून घसा कोरडा झाला होता आणि बाजेच्या दोरीचे वळ गालावर उमटले होते. इतकी झोप मला कितीतरी महिन्यांत लागली नव्हती, घरात तर नाहीच. मी गडबडून उठले. सून अंगणात शेळीला पाला टाकत होती.

"उठवलं काहून नाई?" मी विचारलं.

"उठवाले गेलती मी," ती म्हणाली. "पण माय म्हणे, झोपू दे तिले."

मी तोंड धुतलं. म्हातारी आत झोपली होती. तिला न उठवता मी चप्पल घातली. त्या माणसाने गाडी वळवायला मागून हाताने दिशा दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच्या कांद्याच्या गोण्या भरायच्या होत्या, म्हणून डाला झाडून घ्यायचा होता. मी उजेड असेतो घरी पोचले आणि झाडून घेतला.